घड्याळातले मूड आणि कालनिर्णयावरचे

बायपोलर हा शब्द आता मराठी घरांत सर्रास ऐकू येतो, पण त्याचा अर्थ वाटेत कुठेतरी सांडून गेला आहे. सकाळी हसत गेलेली मुलगी संध्याकाळी दार आपटून खोलीत शिरली, की धाकटा भाऊ म्हणतो, "ही बायपोलर आहे." दुपारी फाइल भिरकावणाऱ्या साहेबाने चार वाजता सगळ्यांसाठी वडापाव मागवले, की तोही बायपोलर. मी डोंबिवलीहून ठाण्याला नोकरीला जाते. लेडीज डब्यात आठवड्यातून एकदा तरी हा शब्द कानावर पडतो.

शब्द असा स्वस्त झाल्याचा त्रास होतो तो ज्यांना खरोखर धाकधूक वाटते त्यांना. रात्री घर झोपल्यावर मोबाइलवर तेरा प्रश्नांची चाचणी सोडवायची, त्यातल्या सातांना 'हो' यायचे आणि मग छतावरच्या पंख्याकडे बघत पडायचे. ही प्रश्नावली खरी आहे, अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २००० साली ती प्रसिद्ध केली. पण त्या तेरा प्रश्नांनंतर आणखी दोन प्रश्न असतात. ही सगळी लक्षणे एकाच काळात एकत्र आली होती का? आणि त्यांमुळे नोकरीत, घरात, पैशात काही बिघडले का? घाईत सुटून जातात ते नेमके हेच दोन. शिवाय ही चाचणी संशय घेण्यापुरती आहे, त्यावरून निदान होत नाही.

या विषयावर गेली काही वर्षे जमेल तितके वाचते आहे, डॉक्टरांना खनपटीला बसून विचारते आहे. त्यातून एक गोष्ट मला ठाम कळली. मूड दिवसातून किती वेळा बदलतो, या प्रश्नाला बायपोलरच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. हा आजार घड्याळावर मोजत नाहीत, तो कॅलेंडरवर मोजावा लागतो.

आजाराचे नियम अगदी साधे सांगायचे तर असे. उन्माद म्हणजे मेनिया, तो किमान एक आठवडा, दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज टिकलेला असतो. माणसाला दाखल करण्याची वेळ आली तर मात्र आठवडा भरण्याची वाट पाहत नाहीत. सौम्य उन्माद, ज्याला हायपोमेनिया म्हणतात, तो किमान सलग चार दिवस. नैराश्य किमान दोन आठवडे. उन्माद एकदा जरी येऊन गेला तरी तो टाइप एक. सौम्य उन्माद आणि मोठे नैराश्य असे दोन्ही येऊन गेले तर टाइप दोन. 'रॅपिड सायकलिंग' हा शब्द ऐकून लोकांना तासातासाला बदलणारा मूड डोळ्यांसमोर येतो. वैद्यकात त्याचा अर्थ वर्षभरात चार किंवा जास्त वेळा आजाराची फेरी येणे एवढाच आहे. म्हणजे यातला 'रॅपिड'सुद्धा महिन्यांच्या हिशोबातला.

आणि बदलतो तो फक्त मूड नव्हे. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा उन्मादाच्या व्याख्येत एक भर घातली: मनःस्थिती चढलेली किंवा चिडकी असली पाहिजेच, पण त्याबरोबर अंगातली ऊर्जाही वाढलेली दिसली पाहिजे. पायाला भिंगरी लागते. तोंडाचा पट्टा सुरू होतो. एक विचार संपायच्या आत दुसरा येतो. हात सैल सुटतो. आपल्याला काहीही जमेल असे वाटू लागते. आणि झोप लागत नाही असे नव्हे, तर झोपेची गरजच उरत नाही. हा फरक फार मोलाचा आहे. काळजीने ज्याची झोप उडाली तो सकाळी गळून गेलेला असतो. उन्मादातला माणूस तीन तास झोपून टवटवीत उठतो.

हे मी पुस्तकात वाचले त्याच्या आधी घरात पाहिले आहे.

माझा मावसभाऊ डोंबिवली पूर्वेला राहतो. त्याला मी दादाच म्हणते. सातेक वर्षांपूर्वी तो खचला. अंथरूण सोडवेना, जेवण तोंडात फिरू लागले, आंघोळीला उठवायला वहिनीला तासभर लागायचा. एका डॉक्टरांनी नैराश्याची गोळी लिहून दिली. आधी कधी याच्या उलट झाले होते का, घरात कुणाला असा त्रास होता का, हे काही त्यांनी विचारले नाही, आणि आम्हालाही सांगायचे सुचले नाही. तीन आठवड्यांत दादा उठला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पाचव्या आठवड्यात त्याने पोळीभाजी केंद्र काढायचे ठरवले. पहाटे तीनला उठून रिक्षाने कल्याणच्या बाजार समितीत भाजी आणायला जायचा, सहाला घरी परतून कोथिंबीर निवडत बसायचा आणि नऊच्या लोकलने ऑफिसला जायचा. गाळ्याचे डिपॉझिट भरून झाले. दोनशे स्टीलचे डबे आले, हॉलमध्ये छतापर्यंत त्यांची चळत लागली. आणि आम्ही सगळे खूश होतो. मामा म्हणाले, "मराठी माणूस धंद्यात पडत नाही म्हणतात, बघा आमचा पोरगा!" मीसुद्धा त्याला मेनूकार्ड टाइप करून दिले होते.

एकटी वहिनी घाबरली होती. "अहो, हे रात्री झोपतच नाहीयेत," असे ती सासऱ्यांना दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा तिला सांगण्यात आले की नवऱ्याच्या उत्साहावर पाणी टाकू नकोस.

पुढे दोन आठवड्यांनी तो ऑफिसात साहेबावर धावून गेला. त्या रात्री त्याला दाखल करावे लागले, आणि मग पहिल्यांदा बायपोलर हा शब्द आमच्या घरात आला. तेव्हा मावशीला आठवले, की कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तो महिनाभर असाच 'फॉर्मात' होता. रात्र रात्र नाटकाची तालीम, दिवसा निवडणुकीचा प्रचार. आम्ही त्याला हुशारीचा बहर समजलो होतो.

आमचे जे झाले ते फार जणांचे होते. या आजाराची सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात, सतरा-अठरापासून पंचविशीपर्यंत होते, आणि बऱ्याचदा पहिली फेरी नैराश्याची असते. तेवढ्यावरून हे साधे नैराश्य की बायपोलरमधले, ते कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. पहिल्या लक्षणांपासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत सरासरी पाच-सहा वर्षे जातात, असे जगभरातले अभ्यास सांगतात. टाइप दोनमध्ये तर आणखी अवघड. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाठपुराव्यात अशा रुग्णांचे जवळजवळ निम्मे आठवडे नैराश्यात गेलेले आढळले, आणि सौम्य उन्मादात शंभरातला जेमतेम एक-दीड. तो एक-दीड आठवडा माणसाला आजार वाटतच नाही, उलट 'आता मी पहिल्यासारखा झालो' असे वाटते. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर तो नैराश्यच सांगतो. उरलेली अर्धी हकीकत बायकोला, आईला, होस्टेलच्या रूममेटला माहीत असते. त्यांना बरोबर नेले नाही तर ती दवाखान्यात पोचतच नाही.

आणि नैराश्याची गोळी एकटीच दिली गेली, तर काही रुग्णांत ती उन्मादाकडे ढकलते. म्हणून तुमच्या मनात बायपोलरची शंका असेल, घरात आजोबा, आत्या, काका कुणी 'मधूनच बिघडायचे' असतील, तर गोळी लिहून घेण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालाच. त्यांनी विचारले नाही तरी सांगा.

या दोन टोकांचा आजार एकच आहे, हे माणसाला कळायला फार काळ लागला. चरकसंहितेत निदानस्थानात उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे, चिकित्सास्थानातही आहे. पण उन्माद आणि खिन्नता एका दोरीची दोन टोके आहेत असे स्पष्ट मांडले फ्रान्समध्ये १८५४च्या सुमारास फाल्रे आणि बायार्जे या दोन डॉक्टरांनी, आणि आधी कुणी मांडले यावरून ते भांडलेही. जर्मनीच्या एमिल क्रेपेलिनने १८९९ साली त्याला उन्माद-अवसादाचा एक मोठा आजार म्हणून, आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्यापासून, वेगळे काढले. त्याचा आधार होता रुग्णांची वर्षानुवर्षांची टिपणे. एखाद्या दिवशी रुग्ण कसा दिसतो यापेक्षा त्याच्या आजाराची वाटचाल कशी आहे, याला तो जास्त किंमत देत असे. 'बायपोलर' हे नाव अधिकृत झाले १९८० साली.

मग घड्याळातल्या मूडचे काय? दिवसातून चारदा रडू येते, हसू येते, संताप येतो, त्याला काहीच म्हणायचे नाही का? म्हणायचे, पण वेगळे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मन पार खाली जाणे, पाळी थांबण्याच्या वयातली चिडचिड, थायरॉइडचा बिघाड, स्टेरॉइडच्या गोळ्या, रोजची दारू, गांजा, सततची अपुरी झोप, या सगळ्यांनी मूड झोके घेतो. काहींना नात्यातल्या एका शब्दाने, एका न आलेल्या फोनने तासाभरात आभाळ कोसळल्यासारखे होते आणि फोन आला की सावरते. तिथे बहुधा व्यक्तिमत्त्वाच्या जडणघडणीतला प्रश्न असतो, त्यावर गोळीपेक्षा समुपदेशनाचा, मानसोपचाराचा जास्त उपयोग होतो. लहानपणापासून चंचल, विसराळू, उतावळा असलेल्याचे लक्षण एडीएचडी या अवधानाच्या विकाराकडे बोट दाखवू शकते. फेरी आणि कायमचा स्वभाव यांतला फरक तिथे पाहावा लागतो. म्हणून नीट तपासणारे डॉक्टर पहिल्या भेटीत थायरॉइडची चाचणी सांगतात आणि कुठली औषधे चालू आहेत ते विचारतात.

बायपोलर नाही म्हणजे तुम्हाला काहीच नाही, असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. जिच्यावर असे आभाळ कोसळते तिचा त्रास खराच असतो, आणि तिलाही मदत मिळायला हवी. फक्त चुकीच्या नावाखाली चुकीची औषधे घेत वर्षे जाऊ नयेत.

किती जणांना असतो हा आजार? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. प्रौढांपैकी ०.५ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी बायपोलर झालेला आढळला, आणि ज्यांना तो होता त्यांच्यातले सुमारे ७० टक्के उपचारांबाहेर होते. २०१७च्या जागतिक आजारभाराच्या अंदाजात भारतातल्या रुग्णांचा आकडा ७६ लाखांच्या घरात धरला आहे. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. त्यातल्या प्रौढांना तोच ०.५ टक्क्यांचा हिशोब लावला तरी चार हजारांच्या वर माणसे होतात. तेवढ्या माणसांनी फलाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरून जाईल. आणि तरी त्यातला एकही आपल्याला 'माहीत' नसतो.

भारतातल्या अभ्यासांत एक वेगळेपण वारंवार दिसते. पाश्चात्त्य देशांत या आजारात नैराश्याचा वरचष्मा असतो, आपल्याकडे उन्मादाच्या फेऱ्या जास्त नोंदल्या जातात, आणि काही जणांत तर वर्षानुवर्षे फक्त उन्मादच येत राहतो. सूर्यप्रकाश, ऋतुमान अशी कारणे सुचवली गेली आहेत. मला एक साधे कारणही पटते. आपल्याकडे शांत बसून कुढणारा माणूस दवाखान्यात नेला जात नाही. रस्त्यावर ओरडणारा नेला जातो.

आता झोपेकडे पुन्हा येते, कारण ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला ती सांभाळणे सर्वांत कठीण. या आजारात झोपमोड हे लक्षणही असते आणि ठिणगीही. एका रात्रीच्या जागरणाने उन्माद सुरू झाल्याची उदाहरणे वैद्यकाला चांगली माहीत आहेत. अमेरिकेत एलेन फ्रँक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर उपचारपद्धतीच बसवली: उठणे, पहिले जेवण, कामाला लागणे, माणसांत जाणे, झोपणे यांच्या वेळा रोज जवळजवळ त्याच ठेवायच्या. आमच्याकडे पाचची लोकल पकडणाऱ्याला तीन वाजता उठावे लागते, ऐरोलीत रात्रपाळी करणारा सकाळी नऊला घरी येऊन पडदे ओढून झोपतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याची दिवसपाळी लागते. गणपतीची जागरणे, नवरात्रातला गरबा, पाडव्याच्या शोभायात्रेची आदल्या रात्रीची तयारी हे सगळे आपल्या जगण्याचा भाग आहे. रुग्णाने त्यातून उठून जावे असे मी म्हणणार नाही. पण रात्री अकराला घरी जायची त्याला मुभा हवी, आणि 'काय म्हातारा झालास का रे' म्हणणारे मित्र नकोत. बदलत्या पाळीतून सूट मागण्यासाठी डॉक्टरांचे पत्र उपयोगी पडते. दादाचे ते पत्र त्याच्या ऑफिसने मान्य केले.

ठाण्याचे नाव या विषयाशी फार जुन्या काळापासून जोडलेले आहे. मुंबईत कुणी विचित्र वागला की "याला ठाण्याला पाठवा" असे म्हणायची पद्धत अजून गेलेली नाही. इथले प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक, १८५० खाटांचे. 'ठाण्याला पाठवा' या एका वाक्याने किती नुकसान केले असेल! बाह्यरुग्ण विभागात दाखवून, गोळ्या घेऊन दुपारच्या गाडीने घरी परत येणारी माणसे तिथे रोज असतात, हे त्या भिंतीबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. खिशात पैसे नसलेल्या घराला त्या खिडकीचा मोठा आधार आहे. मावशीने मात्र दादाला त्या रस्त्यावरून नेऊसुद्धा दिले नाही. "शेजारी काय म्हणतील?" या एका काळजीपायी आम्ही खासगी दवाखान्यांत किती पैसे घातले, ते आता मोजावेसे वाटत नाही.

त्याच ठाण्याने दुसरी परंपराही घडवली, आणि तिचा मला अभिमान आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इथे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आपली आयपीएच, सुरू केली. मनाचे आरोग्य हा विषय तिने व्याख्यानात, शाळेत, नाट्यगृहाच्या रंगमंचावर आणि पुढे मोबाइलच्या पडद्यावर मराठीतून आणला. औषध, समुपदेशन आणि नातेवाइकांची समजूत ही एकाच कामाची अंगे आहेत, असे ती संस्था पहिल्यापासून सांगत आली. ठाण्याच्या मराठी मध्यमवर्गात आज बायका उघडपणे 'मी काउन्सेलिंगला जाते' म्हणतात, त्यामागे ही तीन दशकांहून जास्त काळची मेहनत आहे. कल्याणपलीकडे, शहाड-टिटवाळ्याकडे, तेवढा मोकळेपणा अजून पोचलेला नाही. तिकडे आधी देवर्षी होतो, उतारा होतो, अमावास्या-पौर्णिमा मोजली जाते. योगायोग असा, की फेऱ्यांचा आजार असल्याने तो काही आठवड्यांत आपसूकही ओसरतो, आणि श्रेय उताऱ्याला मिळते. पुढची फेरी आली की पुन्हा उतारा.

जाता येत नसेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येते. नैराश्याच्या फेरीत जीव द्यायचे विचार येत असतील, किंवा घरातले कुणी तसे बोलत असेल, तर उद्यावर टाकू नका. या आजारात आत्महत्येचा धोका इतरांच्या मानाने वीस ते तीस पट असतो. माणूस खालून वर येऊ लागतो, हातापायांत थोडे बळ येते पण मन अजून काळेच असते, तो काळ विशेष जपायचा.

औषधांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. आजही या आजारातले मुख्य औषध म्हणजे लिथियम, एक साधा क्षार. ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने ते शोधले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचा कैदी म्हणून त्याने सिंगापूरच्या चांगी तुरुंगात काही वर्षे काढली होती. परत आल्यावर मेलबर्नच्या एका मनोरुग्णालयातल्या वापरात नसलेल्या खोलीत त्याने गिनीपिगांवर प्रयोग सुरू केले. लिथियम टोचल्यावर ते प्राणी शांत पडून राहतात, हे त्याने पाहिले. माणसाला काही अपाय होतो का हे पाहायला आधी स्वतः घेतले. मग १९४८ साली त्याने ते एका एक्कावन्न वर्षांच्या रुग्णाला दिले, जो पाच वर्षे सतत उन्मादात होता. काही आठवड्यांत तो माणूस ताळ्यावर आला, काही महिन्यांत घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजूही झाला. आणि मग, आता बरा झालो म्हणून, त्याने औषध सोडले. सहा महिन्यांत तो पुन्हा त्याच वॉर्डात होता.

केडने १९४९ साली निष्कर्ष छापले. त्याच्या त्या पहिल्या रुग्णाचा १९५० साली लिथियम अंगात साठून मृत्यू झाला. तेव्हा रक्तातले प्रमाण मोजायची सोय दवाखान्यांत नव्हती. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स स्काऊने १९५४ पासून काटेकोर चाचण्या घेतल्या, रक्ततपासणी रुळली, आणि १९७० साली अमेरिकेनेही परवानगी दिली. त्या एका माणसाच्या कहाणीत या औषधाचे दोन्ही धडे आहेत: मनाने सोडायचे नाही, आणि न मोजता घ्यायचे नाही.

मोजायचे म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचे. बहुतेकांत ते प्रमाण ०.६ ते १.० च्या आसपास ठेवतात. त्याबरोबर मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी ठरल्या मुदतीने करायची. घाम, जुलाब, उलट्या, पाणी कमी पिणे, अचानक मीठ सोडणे यांनी लिथियम रक्तात वाढते. आमच्याकडचा मे महिना आणि निर्जळी उपवास या दोन्हींत सांभाळायला हवे ते यासाठी. कंबरदुखीला केमिस्टकडून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही ते वाढते. दादाच्या पाकिटात एक चिठ्ठी असते, 'मी लिथियम घेतो', आणि त्याखाली त्याच्या डॉक्टरांचा नंबर. हात थरथरणे वाढले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, तर वाट पाहायची नाही.

लिथियमशिवाय व्हॅल्प्रोएट आहे, लॅमोट्रिजिन आहे, क्वेटियापीन, ओलान्झापीनसारखी औषधे आहेत. मूल होण्याच्या वयातल्या मुलींच्या आईवडिलांनी एक लक्षात ठेवावे: व्हॅल्प्रोएटमुळे गर्भाला गंभीर दोष संभवतो, म्हणून त्या वयात शक्यतो ते टाळतात. आधीपासून चालू असेल तर परस्पर बंद न करता विचारावे. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या आजारात सर्वांत धोक्याचे असतात. रात्रीचे जागरण, शरीरातली उलथापालथ, आणि दोन दिवसांत बाळंतीण अचानक असंबद्ध बोलू लागते. आपल्याकडे याला 'डोक्यात वारं गेलं' म्हणतात आणि शेक-शेगडी वाढवतात. ती तातडीची वैद्यकीय वेळ असते, आईसाठीही आणि बाळासाठीही.

लग्नाबद्दल मला मनापासून बोलायचे आहे. 'लग्न झालं की सुतासारखा सरळ होईल' असे म्हणून अंधारात ठेवलेल्या दोन मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर अन्याय झालाच, पण त्या मुलांवरही झाला, कारण लपवायचे म्हणून लग्नाच्या घरात गोळ्या बंद केल्या गेल्या. उलट, सांगून, डॉक्टरांना भेटवून झालेली लग्ने वीस-वीस वर्षे नीट चाललेली आहेत. मुलांना हा आजार होईल का, असे विचारतात. आईवडिलांपैकी एकाला असेल तर धोका दहा टक्क्यांच्या आत-बाहेर असतो. म्हणजे दहांतल्या नऊ मुलांना होत नाही.

कायदाही आता बाजूने आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू झाला. शारीरिक आजाराला विमा मिळतो त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही मिळावा, असे त्यात लिहिले आहे. आणखी एक तरतूद बायपोलरच्या माणसासाठीच केली असावी असे मला वाटते: बरे असताना त्याने लिहून ठेवायचे, की पुढे मी बिघडलो तर मला कुठले उपचार द्या, कुठले देऊ नका, आणि माझ्या वतीने कुणी बोलावे. उन्मादातल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याचेच अक्षर त्याच्यापुढे धरता येते.

दादाने ते लिहिले आहे. वहिनीचे नाव घातले आहे.

दोनशे डबे शेवटी एका अनाथाश्रमाला दिले. वहिनीने त्या दिवसांपासून एक सवय लावून घेतली. कालनिर्णयाच्या मागच्या पानावर ती दुधाचा हिशोब लिहिते, त्याच्या शेजारी दादाच्या झोपेचे तास: ७, ६॥, ७, ६. दर भेटीला डॉक्टर आधी ते पान पाहतात, मग दादाकडे पाहतात. तीन रात्री सलग पाचच्या खाली गेल्या की फोन करायचा, असे ठरले आहे. पहिली दोन वर्षे दादाला हा पहारा वाटायचा, एकदा त्याने ते पान फाडलेही होते. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री ४॥ असा आकडा पडला, दुसऱ्या रात्री ४. वहिनी माहेरी पेणला गेली होती, दोन्ही आकडे त्याच्याच अक्षरातले. तिसऱ्या रात्रीची वाट न पाहता सकाळी त्याने दवाखान्यात फोन लावला आणि संध्याकाळची वेळ मागून घेतली.